वडिलांच्या कष्टांचा वारसा: काय घ्यावं, काय सोडावं, काय मागावं

‘वडील गिरणीत होते. त्यांनी हाडाची काडं केली म्हणून आम्ही शिकलो. पण मुलांना हे सांगायला गेलं की ती मोबाइलमधून मान वर करत नाहीत. त्यांना कसं सांगावं?’ असं विचारणारे वाचक सतत भेटतात. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले, लालबाग-परळ-शिवडीच्या चाळीत वाढलेले आणि आता डोंबिवली, विरार, पनवेलकडे राहणारे. त्यांना उलट विचारलं, ‘वडील कुठल्या खात्यात होते?’ तर गिरणीचं नाव येतं, खातं येत नाही.

गोंधळाचं मूळ तिथंच आहे. वडील नेमकं काय करत होते, दिवसाचे आठ तास कुठे उभे असत, त्यांचा हात कशावर फिरत असे, हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर मुलांना सांगायला फक्त ‘खूप कष्ट केले’ एवढंच उरतं. त्यावर मुलं काय बोलणार?

हा लेख मुंबईच्या गिरणी कामगारांची घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. वडील माथाडी, गोदी कामगार, एसटीतले मेकॅनिक किंवा साखर कारखान्यातले फिटर असतील तर तपशील बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी काम समजून घ्या

गिरणीतलं काम एकसारखं नव्हतं. कापूस फुटायचा तिथली धूळ वेगळी, सूतखात्यातली दमट हवा वेगळी, साचेखात्यातला, म्हणजे विणकामाच्या खात्यातला, खडखडाट वेगळा. पगारही खात्याप्रमाणे बदलायचा. म्हणून घरातल्या जाणत्या माणसाला हे प्रश्न विचारा:

- कुठली गिरणी, कुठलं खातं, तिकीट नंबर काय?
- कामाला कुणी लावलं? गावच्या माणसानं, मामानं, की जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीनं?
- बदलीवर किती वर्षं काढली? कायम कधी झालात?
- कुठली पाळी असायची? रातपाळी करून आल्यावर झोपायला जागा कुठे मिळायची?
- पहिला पगार किती, आणि तो कुठे गेला?
- अंगावर कुठली खूण गिरणीची आहे?
- संपाच्या काळात घर कशावर चाललं?

बदलीचा प्रश्न टाळू नका. बदली कामगाराला रोज गिरणीच्या फाटकावर हजर राहावं लागे. कुणी कायम कामगार आला नाही तरच त्या दिवशी काम, नाहीतर रिकाम्या हातांनी परत. आयुष्यभर कुठेही अर्धा तास आधी पोचणाऱ्या वडिलांचं कोडं अनेक घरांत इथं सुटतं.

खात्याच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जुन्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला, पण दलित कामगारांना तिथं घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्यानं विटाळ होतो असं सवर्ण कामगार म्हणत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला होता. तेव्हा आजोबा सूतखात्यात का होते, साचेखात्यात का गेले नाहीत, याचं उत्तर काही घरांत कौशल्याचं असेल, काही घरांत जातीचं. आणि ज्यांचे आजोबा साचेखात्यात होते त्यांनीही हे विचारायला हवं.

विचारायचं कसं

‘बाबा, तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांत गाडी थांबते. ‘काय सांगायचं? काम केलं.’ संपलं. ही माणसं स्वतःविषयी बोलायला शिकलेली नसतात. त्यासाठी थोडी तयारी लागते.

- हातात वस्तू द्या. जुना पास, डबा, फोटो, कामाचा चाकू, काहीही. वस्तू हातात आली की माणूस बोलू लागतो.
- ‘काय वाटायचं?’ असं विचारू नका. ‘सुटलेला धागा कसा जोडायचा, करून दाखवा’ म्हणा. हात विसरलेले नसतात.
- एका बैठकीत पाऊण तास पुरे. वयस्कर माणूस दमतो, पण बोलताना ते सांगत नाही.
- फोनवर ध्वनिमुद्रण करताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव उच्चारा.
- फाइल व्हॉट्सॲपवर साधी पाठवली तर फोटोंचा दर्जा उतरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या भावंडाकडे ठेवा.
- ‘हे कुणाला सांगू नको’ असं ते म्हणाले तर तो भाग वेगळा काढा. आपल्याच माणसाची परवानगी गृहीत धरू नये.

आईला वेगळं बसवून विचारा. वडिलांसमोर ती ‘हे सांगतील ते खरं’ म्हणते. घरात खानावळ असेल तर पहाटे किती डबे भरायचे, महिन्याला किती मिळायचे, उधारी कोण बुडवायचं, हे तिच्याशिवाय कुणी सांगणार नाही. गावाकडून एकटे आलेले कामगार याच बायकांच्या हातचं जेवून पाळीवर जात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. तरीही घरात विचारलं की उत्तर येतं, ‘आई काही करत नव्हती, घरीच होती.’

संपाचा विषय जपून काढा. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या काळात कुणी कोकणात नाहीतर घाटावर परत गेलं, कुणी हातगाडी लावली, कुणी मुलीची शाळा सोडवली. काही जण पोटासाठी आत गेले. एकाच घरात थोरला संपावर आणि धाकटा कामावर, असंही झालेलं आहे. तुम्ही ऐकायला बसला आहात, निवाडा करायला नाही. ‘काका फुटले होते का?’ असा प्रश्न विचारलात तर पुढचं काहीच हाती लागणार नाही.

नमुना म्हणून नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ हे पुस्तक बघा. त्यातली माणसं आपल्याच चाळीतली वाटतात, आणि प्रश्न किती साधे असले की उत्तरं मोकळी येतात हेही कळतं.

गुणांची छाननी करा

प्रामाणिकपणा, जिद्द, कष्ट ही यादी कुठल्याही सत्काराच्या भाषणात मिळते. तिच्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही. त्यापेक्षा वडिलांची एकेक सवय घ्या आणि दोन गोष्टी विचारा. ही सवय कशातून आली? ते कारण आज तुमच्या घरात आहे का?

पैशाची शिस्त. पगाराच्या दिवशी पाकीट घरात यायचं आणि त्याचे भाग पडायचे: गावाची मनीऑर्डर, वाण्याची उधारी, भिशी, पतपेढीचा हप्ता, उरलं तर मुलांचे बूट. ही सवय जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. महिन्याच्या पगारातून आधी देणी आणि बचत, मग खर्च, हा क्रम आजही चालतो. पण त्याच घरांत ‘कर्ज म्हणजे पाप’ अशी भीतीही असते, आणि तिचं मूळ पठाण सावकाराच्या व्याजात आहे. बँकेच्या गृहकर्जाला आणि खासगी सावकाराच्या पैशाला एकच माप लावू नका.

एकी. गावच्या मंडळाची खोली, तिथं पाळीपाळीनं झोपणारे वीस जण, कुणी आजारी पडलं तर वर्गणी, कुणी गेलं तर गावाला निरोप. हे तुमच्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरलं आहे का, ते बघा. माझ्या मते या वारशातली सर्वांत लवकर हरवलेली गोष्ट हीच. तिच्यासाठी भाषण लागत नाही. शेजारच्या सुरक्षारक्षकाला पगार वेळेवर मिळतो का, एवढं विचारलं तरी सुरुवात होते.

काम थांबवण्याची शिस्त. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं बहुतेकांची चूक होते. गिरणी कामगाराचा नातू आज एखाद्या कंपनीत रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर बसतो आणि म्हणतो, ‘आजोबांचं रक्त आहे, कष्टाला घाबरत नाही.’ आजोबांचा भोंगा सुटीचाही व्हायचा, हे तो विसरतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि सभा, अर्ज, सह्या करत १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. पुढे १९४८च्या कारखाने कायद्यानं प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. त्या पिढ्यांनी जीव तोडून काम केलं, आणि ते कुठे थांबायचं यासाठी त्या तितक्याच जोरानं भांडल्याही. दोन्ही मिळून वारसा होतो. त्यातलं अर्धंच घेतलं तर मालकाची सोय होते, आजोबांचा मान राहत नाही.

तेव्हा नातवाला विचारा: तुझ्या नेमणूकपत्रात कामाचे तास किती लिहिले आहेत? जादा वेळेचे पैसे किंवा बदली रजा मिळते का? साप्ताहिक सुटीच्या दिवशी फोन उचलणं बंधनकारक आहे असं कुठे लिहिलं आहे? वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या रजांचं काय होतं? या प्रश्नांची उत्तरं शोधणं हे आळशीपणाचं लक्षण नाही.

काय सोडावं

- दुखणं अंगावर काढणं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणं ही त्याची ओळख. कायद्यानं तो व्यवसायजन्य रोग मानला आहे. पण घरोघरी ‘बाबांना जुना खोकला आहे’ एवढंच म्हटलं गेलं. तुमच्या वडिलांना अजून खोकला असेल तर डॉक्टरांना ते किती वर्षं आणि कुठल्या खात्यात होते हे आवर्जून सांगा. आणि त्यांचं ‘मला काही होत नाही’ तुम्ही उचलू नका.
- हातकामाची लाज. ‘शिकला नाहीस तर गिरणीत जाशील’ ही धमकी याच घरांत दिली गेली, प्रेमापोटी. मुलं शिकली, पण प्लंबरशी बोलताना त्यांचा आवाज बदलतो. हे वडिलांनी नकळत दिलेलं आहे. ते तुमच्यापाशीच थांबवा.
- बाईच्या कामाला काम न म्हणणं. वर सांगितलंच आहे.
- दारू आणि हात उगारणं. थकवा हे कारण असेल, सबब नव्हे. घरात हे घडलं असेल तर मुलांपासून लपवून वडिलांचा पुतळा उभा करू नका. मुलं मोठी झाली की त्यांना कळतंच, आणि मग तुम्ही सांगितलेल्या चांगल्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

मुलांपर्यंत पोचवताना

‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द वर्ज्य करा. त्याऐवजी मुलांना काम द्या. आजोबांची मुलाखत त्यांनाच घेऊ द्या. नातवंडांना आजोबा जे सांगतात ते मुलांना सांगत नाहीत. एखाद्या रविवारी करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनला उतरून पायी हिंडा. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलमध्ये कार्यालयं आहेत. आजोबांची गिरणी कुठे होती ते नकाशावर शोधायला मुलांना सांगा. पगाराची चिठ्ठी मुलांसमोर उघडा आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठे जातो ते दाखवा. बाकी आपोआप होतं. नाही झालं तरी बळजबरी करू नये.

कागद जपा

लोखंडी पेटीच्या तळाशी पडलेली चिठ्ठी कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून वडील गेल्यावर पेटी साफ करायची घाई करू नका. शोधा आणि वेगळे काढा:

- गिरणीचं ओळखपत्र, तिकीट क्रमांक, बदलीचा लाल पास
- पगाराच्या पावत्या, सेवा प्रमाणपत्र, हजेरी किंवा रजेच्या नोंदीची प्रत
- भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक
- ग्रॅच्युइटी मिळाल्याचा किंवा नाकारल्याचा आदेश
- युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या

लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं जुना कागद खराब होतो आणि नंतर निघत नाही. गंजलेल्या टाचण्या काढा, दोन्ही बाजू स्कॅन करा, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. एखाद्या कागदावर वडिलांचं नाव ‘बाबू’ आणि दुसऱ्यावर ‘बाबाजी’ असेल तर आत्ताच नोंद करून ठेवा. नावातला हा फरक पुढे प्रतिज्ञापत्रावर निस्तरावा लागतो आणि अर्ज अडकण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

हक्काचं राहिलेलं मागा

मूल्यांच्या लेखात पैशाचं काय काम, असं काहींना वाटेल. घाम गाळून मिळवलेला पैसा सोडून देणं हा कुठला संस्कार?

नोंदी कुठे असतील? आधी गिरणी कुणाकडे गेली ते शोधा. १९८३ साली केंद्र सरकारनं मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यांच्या नोंदींसाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे विचारणा करावी लागते. खासगी गिरणी दिवाळखोरीत निघाली असेल तर उच्च न्यायालयाशी जोडलेल्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे कामगारांच्या देण्यांचे दावे जातात. अशा वेळी कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीनं धरली जातात, सगळ्यांत शेवटी नाही.

ग्रॅच्युइटी. ज्यांची नोकरी १९७२च्या कायद्याखाली संपली त्यांचा हिशेब सोपा आहे. शेवटचा मासिक पगार (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पगार २६०० रुपये आणि नोकरी २० वर्षं असेल तर ३०,००० रुपये. किमान पाच वर्षांची अट आहे, पण कामगाराचा मृत्यू झाला असेल किंवा त्याला अपंगत्व आलं असेल तर ती लागत नाही. मिळालेल्या रकमेशी हा आकडा ताडून बघा.

भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन. जुन्या कामगारांना यूएएन क्रमांक नसतो. जुना पीएफ क्रमांक घेऊन कार्यालयात जावं लागतं. सभासद हयात नसेल तर शिल्लक रकमेसाठी वारसांनी फॉर्म २० भरायचा, पेन्शनसाठी फॉर्म १०-डी. कामगार १६ नोव्हेंबर १९९५पासूनच्या पेन्शन योजनेत किंवा त्याआधीच्या १९७१च्या कुटुंब पेन्शन योजनेत होता का, हे आईच्या दृष्टीनं महत्त्वाचं. अनेक विधवांनी हा अर्ज कधी केलेलाच नाही.

घर. गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडा कामगारांसाठी जी घरं बांधते, त्यांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचे वारस पात्र धरले जातात. एका कामगारामागे एकच घर. पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्जदार घरांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. वडिलांनी अर्ज भरला होता का, त्याची पावती कुठे आहे, पत्ता बदलल्याचं कळवलं होतं का, हे आधी तपासा. मुंबईबाहेरच्या घरासाठी संमतिपत्र पुढे आलं तर सही करण्याआधी त्यानं मुंबईतल्या घरावरचा हक्क जातो का, हे लेखी विचारा.

वारस कोण? वडिलांनी स्वतः कमावलेल्या गोष्टींवर मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क आहे. लग्न झालेली मुलगीही त्यात येते. ‘बहिणींना साडी दिली, सही घेतली’ हा प्रकार घरोघरी चालतो, आणि एकीची भाषणं देणारे त्यात पुढे असतात. वारसदाखला दिवाणी न्यायालयातून मिळतो. आधी सगळ्या भावंडांना बसवून नावं आणि हिस्से ठरवा. नंतर कोर्टाचा खर्च वाचतो.

दलाल. घर मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा माणूस कुणाच्याही ओळखीनं आलेला असो, त्याला मूळ कागद आणि कोरी सही देऊ नका. अर्जाची स्थिती म्हाडात स्वतः जाऊन विचारता येते, आणि लेखी उत्तर हवं असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

कामगार स्वतः हयात असेल तर या सगळ्यात क्रम बदलू नका: पहिल्यांदा मुलाखत, मग डॉक्टर, आणि त्यानंतर कार्यालयांच्या फेऱ्या. वडिलांना हिंडता-फिरता येत असेल तर पीएफ कार्यालयात त्यांना सोबत न्या. स्वतः सभासद समोर बसलेला असला की निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.